संशोधनलेखन, इंग्रजी : अन्यभाषकांचा वाटा

इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नव्हती, अशा लेखक-संपादकांच्या हातून इंग्रजीतील शास्त्रीय व संशोधनपर लेखनाचे संकेत कसे घडत गेले, याचा इतिहास. निबंधाची मांडणी, शीर्षक, प्रस्तावनेची पद्धत, तळटिपा, परिभाषा, निवेदनातील ‘मी’चे स्थान, पूर्वीच्या संशोधकांचा उल्लेख करण्याची रीत इत्यादींचा या संकेतांत अंतर्भाव होतो. हे संकेत म्हणजे इंग्लंड-अमेरिकेतील विद्यापीठांची वडिलोपार्जित मिरास असून इतरांनी ते केवळ शिकून घ्यावयाचे असतात, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. इतिहासाचा पुरावा मात्र तीस पोषक नाही. अन्यभाषकांनी आपल्या भाषेतील व विद्यापरंपरेतील काही गोष्टी इंग्रजीत आणल्या, हे खरेच. परंतु त्याहूनही खोल परिणाम झाला तो निराळ्याच मार्गाने. त्यांना शिकविता यावे म्हणून जे संकेत पूर्वी अलिखित होते, ते लिहून काढावे लागले; आणि लिहिले गेल्यावर ते सर्वांनाच बंधनकारक होऊन बसले. शुद्धाशुद्धाचा निवाडा करण्याचा अधिकार मात्र मातृभाषकांकडेच राहिला. या विषयातील वादाचे मूळ या विसंगतीत आहे.

इंग्रजीतील पहिले शास्त्रीय नियतकालिक फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स याचा पहिला अंक ६ मार्च १६६५ रोजी लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्याचा संस्थापक व संपादक हेन्री ओल्डेनबर्ग (सु. १६१८–७७) हा जर्मनीतील ब्रेमेन या शहरचा रहिवासी होता. आपल्या नगरीचा वकील म्हणून तो १६५३ मध्ये इंग्लंडला आला व पुढे रॉयल सोसायटीचा चिटणीस झाला. त्याच्याइतक्या अचूकपणे व ओघवतेपणाने इंग्रजी बोलणारा दुसरा परकीय आपल्या पाहण्यात नाही, अशा आशयाचा अभिप्राय कवी जॉन मिल्टन याने १६५४ मधील एका पत्रात दिला आहे. यूरोपभर त्याचा पत्रव्यवहार चाले. इंग्लंड-हॉलंड युद्धाच्या काळात, १६६७ मध्ये, या पत्रव्यवहारामुळेच त्याच्यावर संशय येऊन त्याला काही आठवडे लंडनच्या टॉवरमध्ये कैदेतही राहावे लागले. नियतकालिकाचे १३६ अंक त्याने संपादित केले.

हे अंक चाळल्यास एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतील मजकुराचा मोठा भाग मुळात इंग्रजी नव्हताच. मालपीगीसारख्या इटालियन शास्त्रज्ञांची पत्रे लॅटिनमध्ये असत. डेल्फ्ट येथील कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक याला लॅटिन येत नसे. तो डचमध्ये लिही. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याच्या थेंबात दिसलेल्या जीवांचे वर्णन करणारे त्याचे १६७६ चे प्रसिद्ध पत्र पुढील वर्षी इंग्रजीत छापले गेले, ते ओल्डेनबर्गने केलेल्या भाषांतरामुळे. म्हणजे मूळ निरीक्षक डच, अनुवादक जर्मन आणि भाषा इंग्रजी, असा हा व्यवहार होता. परकीयाचे पत्र संक्षिप्त करून, त्यातील उपचाराची वाक्ये गाळून, कोणी, कोठे, केव्हा व काय पाहिले एवढेच वाचकांपुढे ठेवण्याची रीत या कामातून रुळली. टॉमस स्प्रॅटच्या रॉयल सोसायटीविषयीच्या इतिहासग्रंथात (१६६७) साध्या, निरलंकृत लेखनशैलीचा जो पुरस्कार आढळतो, त्याचे श्रेय सामान्यतः इंग्रजी स्वभावास देण्यात येते. भाषांतरकाराच्या मेजाचाही त्यात वाटा असला पाहिजे. कारण अलंकार ही भाषांतरात प्रथम गळणारी वस्तू होय.

तथापि सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रजी ही विद्येची एक भाषा होती, एकमेव नव्हे. न्यूटनचा प्रिन्सिपिया (१६८७) लॅटिनमध्ये आहे. ऑप्टिक्स (१७०४) इंग्रजीत निघाला, तरी दोनच वर्षांत त्याचे लॅटिन भाषांतर करावे लागले. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच, जर्मन व इंग्रजी अशी विद्याभाषांची त्रयी स्थिरावली. यूरोपातील पंडित आपापल्या भाषेत लिहीत व इतर दोन वाचीत. इंग्रजीतच लिहिणे ज्यांना भाग होते असा अन्यभाषकांचा मोठा वर्ग या काळात यूरोपात नव्हे, तर ब्रिटिश साम्राज्यात आणि विशेषतः हिंदुस्थानात निर्माण झाला.

मुंबईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकातून बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांनी ताम्रपटांवर, तर भाऊ दाजी लाड (१८२२–७४) यांनी अजिंठ्यासह अनेक ठिकाणच्या कोरीव लेखांवर इंग्रजीत निबंध लिहिले. १८७२ मध्ये इंडियन अँटिक्वरी हे मासिक निघाल्यावर या लेखनाला आणखी एक व्यासपीठ लाभले. रामायणावर होमरच्या काव्याची छाया असल्याचे मत जर्मन पंडित आल्ब्रेख्ट वेबर याने मांडले होते. त्याच्या प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर उपलब्ध होताच का. त्र्यं. तेलंग (१८५०–९३) यांनी १८७३ मध्ये मुंबईत त्याला इंग्रजीतून उत्तर दिले. वादविषय संस्कृत काव्य, एक पक्ष जर्मन, दुसरा मुंबईकर; इंग्रजी ही दोघांचीही नव्हे. तेलंगांच्या उत्तराची मांडणीही लक्षणीय आहे. प्रतिपक्षाचे एकेक प्रमाण प्रथम नीट मांडावयाचे व मग त्याचा परिहार करावयाचा, ही रीत शास्त्रार्थाशी परिचित असलेल्या वाचकाला पूर्वपक्ष व सिद्धान्त यांची आठवण करून दिल्यावाचून राहत नाही. तेलंग वकील होते. तेव्हा न्यायालयातील युक्तिवादाची सवयही तीत असणार. दोन्हींपैकी कोणते वळण प्रधान, हे ठरविणे सोपे नाही आणि तसे ठरविण्याची आवश्यकताही नाही.

रा. गो. भांडारकर (१८३७–१९२५) यांनी १८८८ मध्ये चिकित्सक, तौलनिक व ऐतिहासिक संशोधनपद्धतीवर दिलेले व्याख्यान म्हणजे या पिढीने स्वतःसाठी घालून घेतलेली शिस्तच होय. स्वदेशाभिमान व परकीयांचे पूर्वग्रह या दोहोंपासून सारख्याच अंतरावर उभे राहून निर्णय द्यावा, हा त्यांचा आग्रह होता. भांडारकरांच्या गद्यातील संयम आणि एखादे विधान करताना ते किती प्रमाणात सिद्ध आहे हे सांगण्याची खबरदारी यांमागे एक व्यावहारिक कारणही होते : त्यांच्या वाचकांत त्यांच्या चुका शोधणारे दोन्ही बाजूंचे होते.

पां. वा. काणे यांच्या हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र या पाच खंडांच्या ग्रंथात (१९३०–६२) तळटीप या संकेताला जे रूप आले, ते इंग्रजी विद्वत्तेत अपूर्वच म्हणावे लागेल. पृष्ठाच्या वरच्या भागात इंग्रजी विवेचन चालते आणि खाली त्याला आधारभूत असलेली संस्कृत वचने देवनागरीत, पुष्कळदा विस्ताराने, येतात. यूरोपीय ग्रंथांत तळटीप ही बहुधा ग्रंथाचे नाव व पृष्ठांक सांगून थांबते. येथे ती मूळ प्रमाणच वाचकाच्या हाती देते. त्यामुळे लंडनचा प्राध्यापक व वाईचा शास्त्री हे दोघेही, एक वरून खाली व दुसरा खालून वर, तेच पृष्ठ तपासू शकत. इंग्रजीत लिहिल्याने घरचा जाणता वाचक दुरावतो, या अडचणीवर काण्यांनी काढलेला हा तोडगा होता. वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांनी याच्या उलट मार्ग धरला. आपले संशोधन त्यांनी कटाक्षाने मराठीत प्रसिद्ध केले आणि महाराष्ट्राबाहेर ते दीर्घकाळ अल्पपरिचित राहिले. हे दोन मार्ग व त्यांची दोन प्रकारची किंमत आजही प्रत्येक अन्यभाषक संशोधकापुढे असते.

विसाव्या शतकात इंग्रजीचे पारडे जड झाले, ते मुख्यतः राजकीय कारणांनी. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन परिषदेने (१९१९) जर्मन शास्त्रज्ञांना काही वर्षे वगळले. त्यामुळे जर्मन भाषेचे आंतरराष्ट्रीय स्थान डळमळले. नाझी राजवटीने ७ एप्रिल १९३३ च्या कायद्यान्वये ज्यू व विरोधी मतांच्या प्राध्यापकांना पदच्युत केले, तेव्हा जर्मन विद्येचा मोठा भाग इंग्रजीच्या प्रदेशात स्थलांतरित झाला. प्रौढ वयात, नावलौकिक झाल्यानंतर, या विद्वानांना नव्या भाषेत लिहिण्यास आरंभ करावा लागला.

कलेतिहासकार एर्व्हिन पानोफ्स्की (१८९२–१९६८) याने हा अनुभव १९५३ मधील एका निबंधात नोंदविला आहे. जर्मन कलेतिहासाच्या परिभाषेत एकाच शब्दाला परस्परांहून दूरचे अर्थ असत. ‘ताक्टिश’ हा शब्द ‘डावपेचात्मक’ या नेहमीच्या अर्थाखेरीज ‘स्पर्शगोचर’ या अर्थानेही येई आणि वाचकही ते चालवून घेई. इंग्रजीत लिहिताना मात्र नेमके काय म्हणावयाचे आहे ते ठरविणे भाग पडे, असे त्याचे म्हणणे आहे. जर्मनमध्ये सामान्य विचारही गहन भासविता येतो, अशी कबुली त्याने मोकळेपणाने दिली. प्रत्येक परकीय लेखकाला आपला कोश आपणच तयार करावा लागला; आणि असे वैयक्तिक कोश मिळूनच इंग्रजीतील कलेतिहासाची आजची परिभाषा बऱ्याच अंशी सिद्ध झाली. भौतिकीत व गणितात तर जर्मन शब्द तसेच राहिले. ‘आयगेनव्हॅल्यू’ या नित्याच्या संज्ञेचे पूर्वपद जर्मन व उत्तरपद इंग्रजी आहे.

आइन्स्टाइन, बरिस पडॉल्स्की व नेथन रोझेन यांचा फिजिकल रिव्ह्यू या नियतकालिकात १५ मे १९३५ रोजी प्रसिद्ध झालेला निबंध हे या काळाचे एक मार्मिक स्मारक आहे. पुंज यामिकीने केलेले वास्तवाचे वर्णन पूर्ण मानता येईल काय, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच विचारलेला आहे. त्या शीर्षकाच्या आरंभी इंग्रजी व्याकरणाप्रमाणे आवश्यक असलेले ‘द’ हे उपपद नाही. भाषेच्या कारणास्तव निबंधाचे लेखन पडॉल्स्कीने केले, असे आइन्स्टाइनने श्रोडिंजरला त्याच वर्षी कळविले होते. पडॉल्स्कीचा जन्म रशियातील टॅगनरॉगचा आणि रशियन भाषेला, मराठीप्रमाणेच, उपपदे नाहीत. निबंधाला डेन्मार्कच्या नील्स बोर याने त्याच वर्षी उत्तर दिले, तेही तेच शीर्षक घेऊन, उपपदाशिवायच. या उणिवेमुळे निबंधाचे काहीही बिघडले नाही. विज्ञानातील सर्वाधिक उल्लेखिलेल्या निबंधांत त्याची गणना होते. एवढेच की, आजच्या एखाद्या नवख्या संशोधकाच्या हस्तलिखितात हीच चूक आढळली, तर भाषा सुधारून आणावी असा शेरा मारला जाण्याचा संभव पुष्कळ असतो.

मानवशास्त्र व गणित या दोन विद्यांतील संकेत तर नामनिर्देशाने अन्यभाषकांकडे नेता येतात. पोलंडमधील क्रेको येथे जन्मलेल्या ब्रॉनीस्लॉ मॅलिनोस्की (१८८४–१९४२) याच्या आर्गोनॉट्स ऑफ द वेस्टर्न पॅसिफिक (१९२२) या ग्रंथाने क्षेत्रीय मानवशास्त्राचा नमुना घालून दिला. संशोधकाने आरंभीच आपली पद्धती सांगावी, आपण त्या बेटावर कसे उतरलो व लोकांत कसे राहिलो याची वाचकाला प्रतीती आणून द्यावी, प्रत्यक्ष पाहिलेले व ऐकलेले वेगळे ठेवावे, स्थानिक शब्द मुळातून द्यावेत, हे पुढे अर्धशतकभर पाळले गेलेले दंडक त्याच ग्रंथातून आले. गणितात पॉल हाल्मोश (१९१६–२००६) हा हंगेरीत जन्मलेला, तेराव्या वर्षी अमेरिकेत गेलेला लेखक असाच प्रभावी ठरला. सिद्धता पूर्ण झाल्याची खूण म्हणून लॅटिन आद्याक्षरांऐवजी काळा चौकोन छापण्याची प्रथा त्याने पाडली. ही खूण त्याने लोकप्रिय मासिकांतील लेखांच्या शेवटी पाहिली होती. ‘तर आणि तरच’ या अर्थी ‘इफ’ या शब्दाला आणखी एक ‘एफ’ जोडण्याची युक्तीही त्याच्याच नावावर आहे. गणिती लेखन कसे करावे, यावरील त्याचा १९७० चा निबंध मातृभाषक विद्यार्थ्यांच्याही हाती दिला जातो.

दुसऱ्या महायुद्धानंतर नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांतून विद्यार्थ्यांचा ओघ इंग्रजी विद्यापीठांकडे वळला व प्रभावाचा दुसरा, अप्रत्यक्ष मार्ग खुला झाला. या विद्यार्थ्यांचे इंग्रजी व्याकरण सुधारले, तरी निबंध ‘जमत नाही’, असा शिक्षकांचा अनुभव होता. अमेरिकन भाषावैज्ञानिक रॉबर्ट कॅप्लन याने १९६६ मध्ये याचे एक स्पष्टीकरण दिले. परिच्छेदाची गती प्रत्येक संस्कृतीत वेगळी असते, असे सांगून त्याने ती रेखाकृतींनी दाखविली : इंग्रजीची सरळ रेषा, पौर्वात्यांचे वर्तुळाकार वळण, इतरांच्या नागमोडी. ही उपपत्ती अतिव्याप्त होती. चीनपासून कोरियापर्यंतच्या सर्वांना एका वळणात बसविणे शक्य नव्हते आणि इंग्रजी लेखक नेहमी सरळ रेषेतच चालतात, हेही खरे नव्हते. कॅप्लनने पुढे १९८७ मध्ये आपली भूमिका सौम्य केली. त्याच्या रेखाकृती मात्र पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ हलल्या नाहीत.

जॉन स्वेल्स या इंग्रज अध्यापकाचे काम अधिक टिकाऊ ठरले. लिबियातील विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या अनुभवातून त्याचे शास्त्रीय इंग्रजीवरील पाठ्यपुस्तक (१९७१) सिद्ध झाले. पुढे काही वर्षे तो सूदानमधील खार्टूम विद्यापीठात होता. विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड जाते ती निबंधाची प्रस्तावना, हे पाहून त्याने ४८ संशोधननिबंधांच्या प्रस्तावना तपासल्या व १९८१ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. जेनर ॲनॅलिसिस (१९९०) या ग्रंथात त्यांना परिपक्व रूप मिळाले. त्याच्या मते प्रस्तावनेत तीन चाली असतात : प्रथम विषयाचे क्षेत्र आखावयाचे, मग त्यात एखादी रिकामी जागा दाखवावयाची व शेवटी ती आपण कशी भरतो हे सांगावयाचे. वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांत आरंभी विषय, प्रयोजन, संबंध व अधिकारी हे अनुबंधचतुष्टय सांगण्याचा जो परिपाठ आहे, त्याच्याशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. शास्त्रकार अधिकारी वाचक कोण ते सांगतो. आधुनिक लेखक त्याऐवजी पूर्वसूरींची उणीव सांगतो.

स्वेल्सने हे वर्णन म्हणून केले होते. त्याचे विधान झाले. ज्यांना ही रीत संस्काराने येत नव्हती, त्यांच्यासाठी ती सूत्रबद्ध करण्यात आली. मग पाठ्यपुस्तके, लेखनवर्ग व परीक्षक यांच्यामार्फत ती मातृभाषकांपर्यंतही पोहोचली. सूत्र पाठ करून लिहिणारा लेखक ते अधिक काटेकोरपणे पाळतो, हे उघड आहे. आजच्या संशोधननिबंधांच्या प्रस्तावना जगभर एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात, याचे एक कारण येथे सापडते. ओल्डेनबर्गच्या अंकांतील पत्रलेखकाला आपल्या निरीक्षणासाठी अगोदर कोणाची उणीव दाखवावी लागत नसे.

साच्यात न बसणाऱ्या लेखनाचे काय होते, याचाही अभ्यास झाला आहे. फिनलंडच्या आना माउरानेन यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले, की फिनी लेखक ‘आता पुढे असे सांगावयाचे आहे’ यासारखी मार्गदर्शक वाक्ये कमी वापरतात व मुख्य मुद्दा उशिरा उघड करतात. वाचकाला फार समजावून सांगणे हे त्यांना त्याच्या बुद्धीचा अवमान केल्यासारखे वाटते. इंग्रजी वाचकाला मात्र त्यात विस्कळितपणा दिसतो. माउरानेन यांच्या मार्गदर्शनाखाली हेल्सिंकी येथे अन्यभाषकांच्या विद्याविषयक इंग्रजीचे, प्रथम मौखिक व नंतर लिखित, संग्रह तयार झाले. काश्मीरमध्ये जन्मलेले ब्रज कच्रू (१९३२–२०१६) यांनी इंग्रजीची अनेक प्रादेशिक रूपे आपापल्या जागी प्रमाण मानावीत, असा पक्ष मांडला होता. त्यावरून रँडॉल्फ क्वर्कशी १९९०-९१ मध्ये झालेला त्यांचा वाद प्रसिद्ध आहे. श्रीलंकेतील जाफना विद्यापीठात अध्यापन केलेले सुरेश कनगराजा यांनी ए जिऑपॉलिटिक्स ऑफ ॲकॅडेमिक रायटिंग (२००२) या ग्रंथात प्रश्नाची वेगळीच बाजू पुढे आणली. यादवी युद्धाच्या काळात कागद दुर्मिळ असताना विशिष्ट कागदावर अनेक प्रती टंकलिखित करून पाठविण्याची नियतकालिकांची अट हीच एक भिंत होती. विचार कितीही मोलाचा असला, तरी तो तेथेच अडे.

दरम्यान यूरोपातील नियतकालिकेही इंग्रजीकडे वळली. त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिझीक हे जर्मन भौतिकीचे मान्यवर नियतकालिक १९९८ मध्ये फ्रेंच व इटालियन नियतकालिकांबरोबर यूरोपियन फिजिकल जर्नलमध्ये विलीन झाले. अशा नियतकालिकांचे लेखक, संपादक व परीक्षक बहुसंख्येने अन्यभाषकच असतात. तरीही भाषेचा भार एकाच बाजूवर पडतो. पर्यावरणविज्ञानातील आठ देशांच्या ९०८ संशोधकांची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीनुसार इंग्रजी लेखनामुळे निबंध नाकारला गेल्याचा अनुभव अन्यभाषकांत मातृभाषकांच्या सु. अडीच पट, तर भाषा सुधारण्यास सांगितले गेल्याचा अनुभव सु. साडेबारा पट अधिक आढळला.

नोव्हेंबर २०२२ नंतर सर्वत्र उपलब्ध झालेल्या लेखनयंत्रणांमुळे हा भार हलका होण्याची शक्यता निर्माण झाली. परंतु यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखण्यासाठी तयार केलेल्या साधनांनी परकीय विद्यार्थ्यांनी इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक यंत्रलिखित ठरविल्याचे २०२३ मधील एका अभ्यासात दिसून आले. मातृभाषक अमेरिकन विद्यार्थ्यांच्या निबंधांबाबत अशी चूक क्वचितच झाली. मर्यादित शब्दसंग्रह आणि अपेक्षित ठिकाणी येणारा अपेक्षित शब्द ही या साधनांच्या लेखी यंत्राची लक्षणे होती. परकीय विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकांतून लावली जाते ती सवयही नेमकी हीच.